पुढची ओळ

“आता या घरात दोन मुके होणार,” कांताआत्या म्हणाली. ती लसूण सोलत बसली होती, मम्मी तव्यावरचं धपाटं उलटत होती, आणि मी दाराच्या अलीकडे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. “एक तर आधीच बोलत नाय, आन् दुसऱ्याचं आता डाक्टर काढून घेतेत.”

“हळू बोला वन्सं, ती ऐकंल,” मम्मी म्हणाली.

“ऐकू दे की. ऐकून भांडंल तरी.”

मी भांडले नाही. तांब्या तसाच परत माठावर ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत्या वाईट नव्हती. भावाचं दुखणं कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सोयगावहून आली होती, आणि दुःख झालं की तिला टोमणे सुचायचे. शिवाय तिचं खरंच होतं. मी कमी बोलायचे. शाळेत इंग्रजी बोलायचं, घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि या तिन्हींत कुठं काय बोललं तर हसं होईल याचा हिशेब मनात लागेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची. आदल्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं मलाच समजावून सांगितलं होतं, कारण इंग्रजी मला कळत होतं. गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला छिद्र राहील, तारीख दोन आठवड्यांनंतरची. रिक्षात मी मम्मीला एवढंच सांगितलं, “ऑपरेशन आहे.” पप्पा रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच विचारलं, “आन् आवाज?” मी मान हलवली. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी मी माझ्या वडिलांना मान हलवून दिली.

पप्पा वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते, पण गल्लीत त्यांची ओळख गायन पार्टीची होती. जयंतीच्या महिन्यात, विहाराच्या वर्धापनदिनाला, लग्नात, कधी पैठणच्या बाजूला एखाद्या खेड्यात पार्टी जायची. पुढं उत्तमकाका गायचे. गाणी रचायचेही तेच. पेटीवर एक जण, ढोलकीवर एक जण, आणि मागं तिघं कोरसवाले. पप्पा त्या तिघांतले डावीकडचे. उत्तमकाकांचा माईक वेगळा, या तिघांत मिळून एक. पार्टीच्या भाषेत काका ‘पुढं म्हणायचे’ आणि पप्पा ‘मागं म्हणायचे’. लहानपणी मला वाटायचं ही फक्त उभं राहायची जागा असते. आमच्या बैठकीच्या खोलीत सराव चालायचा, तेव्हा मी आतल्या खोलीत कानांवर तळवे दाबून पाठांतर करायचे. शाळेतल्या मैत्रिणींना मी एवढंच सांगितलं होतं की वडील कंपनीत आहेत. एका जयंतीला मिरवणुकीच्या ट्रकवर पप्पा गात होते आणि माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आईबरोबर फुटपाथवर उभी होती. पप्पांनी मला बघून हात केला. मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले, आणि ट्रक पुढं जाईपर्यंत वाकूनच राहिले.

उत्तमकाका वारल्यावर पार्टी मोडली. पप्पा मग आंघोळीच्या वेळी गायचे, मोटारसायकल पुसताना गायचे. वर्षभरात आवाज घोगरा झाला. सगळे म्हणाले तंबाखू, पप्पा म्हणाले कारखान्यातली धूळ, आणि ज्येष्ठमध चघळण्यात बरेच महिने गेले.

आवाज साठवून ठेवायची कल्पना माझी होती, हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं तेही माझंच होतं. आधी मोबाईलवर करून पाहिलं. त्यात पप्पांचा आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा येत होता. मग तीन-चार दिवस मी लॅपटॉपवर तेच वाचत राहिले: घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला नवख्या माणसानं काय घ्यावं. सगळं इंग्रजीत होतं, आणि इंग्रजीत वाचलेलं मला तेव्हा जास्त खरं वाटायचं. माईक हवा, माईक आणि लॅपटॉपमध्ये जोडायला एक छोटी पेटी हवी, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, कानावर बसणारे हेडफोन, एक स्टँड, फुंकर अडवायला माईकपुढं जाळी. माईक दोन तऱ्हेचे. एक डायनॅमिक, म्हणजे स्टेजवरचा, तोंडाशी धरला तरच ऐकणारा. दुसरा कंडेन्सर, खोलीच्या दुसऱ्या टोकाची कुजबूजही टिपणारा. वाचलेल्या प्रत्येक लेखात गाण्याच्या आवाजासाठी कंडेन्सरचं कौतुक होतं. त्याच लेखांत खाली एक वाक्य असायचं, की खोली शांत नसेल तर डायनॅमिक घ्या. ते वाक्य मी वाचलं होतं. पण आमच्या घराला मी मनातल्या मनात शांत करून टाकलं होतं. पप्पांसाठी चांगल्यातलं चांगलं घ्यायचं होतं, आणि स्टेजवरचा माईक तर त्यांनी आयुष्यभर वापरलाच होता.

शहागंजला घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत करीमचाचांचं दुकान होतं. पूर्वी ते भाड्यानं भोंगे द्यायचे, आता माईक, वायरी, ॲम्प्लिफायर विकायचे आणि दुरुस्त करायचे. आमच्या पार्टीला वर्षानुवर्षं त्यांचीच साउंड होती, पण ते मला ओळखत नव्हते. मी कंडेन्सरचं नाव इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली.

“किसके लिए होना? गाने वाले कौन?”

पप्पांसाठी, एवढंच सांगायचं होतं. सुदाम, उत्तमच्या पार्टीतला, डावीकडचा. पण ते सांगितलं की पुढं सगळं सांगावं लागणार होतं, गळ्याचं, तारखेचं, आणि दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती.

“मैं,” मी म्हणाले.

“तुम?” ते हसले, पण चांगलं हसले. “माइक आदमी देखके देते, बेटा. ये तो सांस भी पकड़ लेता. तुम्हारी आवाज़ को अच्छा है. घर में शोर-शराबा तो नै ना?”

“नै.”

“हात में नक्को पकड़ना इसकू. और कूलर-पंखा सब बंद. फिर देखो.”

दोन प्रश्न, दोन खोटी उत्तरं. आता ओळखीतलं कुणी मला विचारतं, घरी रेकॉर्डिंग करायचं आहे, कोणता माईक घेऊ, तेव्हा मी ब्रँड सांगत नाही. आधी विचारते गाणारं कोण आहे, ते बसून गातं की उभं राहून, एकटं गातं की लोकांत, घराशेजारी काय आहे. लोकांना वाटतं मी विषय लांबवते.

आमच्या घराशेजारी पिठाची गिरणी होती. पारूबाई ती चालवायची. पलीकडे मशिदीचा भोंगा, अलीकडे सीएनजीच्या रिक्षांचा थांबा. मी भिंतीवर गोधड्या टांगल्या, खिडकीत उशा लावल्या. कूलर बंद, पंखा बंद, आणि उन्हाळा असा की फरशीसुद्धा गरम लागायची. मम्मीनं पारूबाईला सांगितलं की सकाळी दहा ते अकरा गिरणी बंद ठेव, सुदामचं गाणं भरायचंय. पारूबाईनं कारण विचारलं नाही. फक्त तिला गप्प राहणं जमायचं नाही. दर दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून आवाज यायचा, “झालं का वं गाणं? टाकू का दळण?” आणि हेडफोनमध्ये ती माझ्या कानात उभी असल्यासारखी ऐकू यायची. पप्पा हसायचे, हसताना खोकायचे. मग मम्मी वाटीत कोमट वरण आणायची, त्यात भाकरी बोटांनी कुस्करून पार लापशी केलेली. धपाटी त्यांना जीव की प्राण होती, पण गिळता येत नव्हती. ती आत्या खायची, आमच्याकडे पाठ करून.

पहिल्या दिवशी पप्पा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आले आणि माईकपासून दोन हात लांब, डावीकडे सरकून बसले.

“पप्पा, मधे बसा. माईकच्या समोर.”

“मधी म्या कधी बसलोच नाय गं.”

“आता एकटेच आहात ना?”

“व्हय की,” ते म्हणाले आणि वीतभर सरकले. उजवीकडे दोन माणसांची जागा तशीच मोकळी राहिली. मी माईकच उचलून त्यांच्याकडे नेला.

त्यांना पहिलं गाणं भरायचं होतं ते उत्तमकाकांनी रचलेलं, मुलींच्या शाळेचं. मी ते शंभर वेळा कानांवर तळवे दाबून ऐकलं होतं. मी बटण दाबलं, मान हलवली. पप्पा मांडीवर ताल धरून बसले. ताल चालू, तोंड बंद. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या. मला वाटलं त्यांना खूण कळली नाही. मी पुन्हा मान हलवणार तोच त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं, “माझ्या लेकीच्या हाती, माझ्या लेकीच्या हाती.” पुन्हा गप्प. मांडीवर ताल. पुन्हा “माझ्या लेकीच्या हाती.”

तेव्हा कुठं मला कळलं. ते गाणं सवाल-जवाबाचं होतं. पुढं म्हणणारा विचारायचा, ‘कुणाच्या हाती पाटी गं, कुणाच्या हाती पुस्तक?’ आणि मागचे तिघं उत्तर द्यायचे. पप्पा उत्तरं गात होते. प्रश्न विचारणारा मातीत गेला होता, तरी ते त्याच्यासाठी जागा सोडत होते, मोजून, एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही.

“पप्पा, पुढचं पण तुम्हीच म्हणा ना. तुम्हाला पाठ आहे.”

“पाठ हाय. पण माझ्या तोंडातून निघत नाय ते.” त्यांनी खरंच प्रयत्न केला. ‘कुणाच्या’पर्यंत गेले आणि थांबले, दुसऱ्याच्या ताटात हात गेल्यासारखे. “पुढचं पुढच्यानं म्हणावं. तू म्हण की.”

“मी?”

“तुला काय येत नाय व्हय? घरातच झालं सगळं. तू पुढं म्हण, म्या मागं हाय.”

आत्या दारात येऊन बसली होती. मम्मी चुलीपाशी थांबली होती. मला ती ओळ येत होती. चाल येत होती, शब्द येत होते. पण मराठी गाताना माझे शब्द शाळेचे येतील, आत्या हसेल, हेडफोनमधून माझाच आवाज माझ्या कानात येईल, असं काय काय मनात आलं. मी लॅपटॉपकडे बघत म्हणाले, “तुम्ही तुमचं म्हणा. पुढची ओळ मी नंतर टाकते. सॉफ्टवेअरमध्ये टाकता येते.”

“नंतर?”

“हो. वेगळी भरायची आणि जोडायची. तसंच करतात.”

हे खोटं नव्हतं. तसंच करतात. आपल्याला यंत्रातलं लेकीइतकं कळत नाही अशी पप्पांची पक्की समजूत होती, म्हणून त्यांनी मान डोलावली. आठ सकाळी आम्ही बसलो, आठ गाणी भरली. प्रत्येक गाण्यात पुढच्या ओळीची जागा मोकळी. त्या जागांत पप्पा मांडीवर ताल देत माझ्याकडे बघायचे, आणि मी पडद्यावरच्या रेघांकडे बघायचे. शेवटच्या दोन सकाळी त्यांचा आवाज इतका बसला होता की गाणं आणि श्वास वेगळे ओळखू येत नव्हते. तरी सूर हलला नाही. एवढं मला तेव्हाही कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ते दवाखान्यात भरती झाल्यावर, मी घरी बसून सगळं स्वच्छ केलं. त्याचेही इंग्रजीत धडे होते. नको असलेला आवाज कसा ओळखायचा, कसा निवडायचा, कसा पुसायचा. रिक्षाचा हॉर्न पुसला. कुकरची शिट्टी पुसली. पारूबाईचं ‘टाकू का दळण’ पुसलं. आणि शाळेच्या गाण्यात, तिसऱ्या मोकळ्या जागेत, मला पप्पांचा आवाज ऐकू आला. गाण्याचा नव्हे, बोलण्याचा. अगदी हळू, श्वासावर. “म्हण ना, बाळा.”

तेव्हा खोलीत मी हेडफोन मानेवर उतरवून बसले होते, मला ते ऐकू आलं नव्हतं. माईकला आलं होतं. करीमचाचा म्हणाले होते, सांस भी पकड़ लेता. मी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवेना. मी तेवढा तुकडा निवडला आणि पुसला. मग मोकळ्या जागांतलं सगळंच पुसलं, मांडीवरचा तालही, म्हणजे पुढची ओळ टाकायला कोरी जागा मिळेल. आणि जुन्या फायलींवरच सेव्ह केलं. नवख्यानं पहिली गोष्ट शिकावी ती ही, की मूळ फाईल वेगळी जपून ठेवावी. ती मी नंतर शिकले.

पप्पा ऑपरेशननंतर दोन वर्षं होते. गळ्याच्या छिद्रावर पातळ रुमाल बांधायचे. काही हवं असलं की टाळी वाजवायचे, आणि जास्त सांगायचं असलं की मोबाईलवर मराठीत लिहून फोन माझ्यापुढं धरायचे. मला मराठी वाचायला वेळ लागायचा, ते वाट बघायचे. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं, ‘ऐकव’. मी हेडफोन त्यांच्या कानांवर लावले. शाळेचं गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडले, मग हेडफोन हातानं दाबून धरले, काही निसटतंय का म्हणून. गाणं संपल्यावर त्यांनी बराच वेळ लिहिलं आणि खोडलं. शेवटी फोन पुढं धरला. ‘घर कुठं गेलं? पारू बी नाय.’

“स्वच्छ केलं, पप्पा.”

त्यांनी पुन्हा लिहिलं. ‘तुझी ओळ?’

“टाकते.”

दोन वर्षांत त्यांनी चार-पाच वेळा विचारलं असेल. आधी लिहून, नंतर नुसतं माझ्याकडे बोट आणि मग लॅपटॉपकडे. मी दर वेळी म्हणाले, टाकते. कॉलेजच्या शेवटच्या परीक्षा होत्या, नंतर नोकरी लागली. घरात कुणी नसताना एकदा मी माईकपुढं बसलेही. बटण दाबलं, पप्पांचा आवाज कानात सुरू झाला, कोरी जागा आली आणि गेली. इंग्रजीत वाचलेलं सगळं माझ्या हाताशी होतं. चांगला माईक होता, माझ्या आवाजाला साजेसाच होता, दुकानदारानं माझ्याकडे बघूनच दिला होता. मी बटण बंद केलं आणि माईकवर कापड टाकलं.

पप्पा एका दुपारी गेले, कूलरसमोर, झोपेत. मला लगेच कळलं नाही, कारण त्यांनी टाळी वाजवली नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणूस मावत नव्हता. भन्तेजींनी वंदना घेतली, कारखान्यातले दोघं बोलले, आणि मग गल्लीतलं कुणीतरी म्हणालं की सुदाम आयुष्यभर गाण्यात राहिला, त्याचं एखादं गाणं लावा. मम्मीनं पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढला. मी कधी तिला तो दिला होता, मला आठवतही नव्हतं. साउंडवाल्यानं तो लावला.

पप्पांचा आवाज भोंग्यांतून मोठा होऊन आला. माझ्या लेकीच्या हाती, माझ्या लेकीच्या हाती. मी लोकांकडे बघत होते. ज्या माणसांनी त्यांना वीस वर्षं ऐकलं होतं, ती एकमेकांकडे बघत होती. माझ्या शेजारच्या बाईनं पलीकडच्या म्हातारीला विचारलं, “कोण गातंय हे? सुदामचं लावणार होते ना?” म्हातारीनं डोळे बारीक केले. “आपल्यातलंच वाटतंय कुणीतरी,” ती म्हणाली. गल्लीनं त्यांना माईकवर एकटं गाताना कधी ऐकलं नव्हतं. तिघांच्या आवाजातला तो तिसरा भाग वेगळा कसा लागतो, ते त्या हॉलमध्ये आम्हा घरच्यांनाच माहीत होतं.

मग ओळ संपली आणि कोरी जागा आली. ताल नाही, श्वास नाही, घर नाही. भोंगे एकदम मेल्यासारखे गप्प. लोक चुळबुळले. पुन्हा “माझ्या लेकीच्या हाती,” आणि पुन्हा ती शांतता, मोजलेली. साउंडवाला वायर हलवून बघत होता. त्यानं दुसरी वायर लावली, बटण फिरवलं, आणि तिसऱ्यांदा आवाज गेला तेव्हा माईक हातात घेऊन म्हणाला, “फाईल खराब हाय, मधीमधी आवाज जातोय. माफ करा, बंद करतो. दुसरं कुणाचं गाणं लावू का?”

त्याचा हात बटणाकडे गेला. मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. बसलेली माणसं मागं वळून बघत होती, मम्मी वर बघत होती, आणि माझ्या समोर माईक नव्हता, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागलं.

“बंद करू नका,” मी म्हणाले. “हा आवाज माझ्या पप्पांचा आहे. फाईल खराब नाही. तिथं मी म्हणायचं होतं. ते माझ्यासाठी थांबले होते, आणि मी म्हटलंच नाही.”